बाबांचा हिशेब आणि नऊ व्होल्ट

एकेचाळिसाव्या नावाला आकडे मंद झाले, आणि बेचाळिसावं नाव मी वाचेपर्यंत कॅल्क्युलेटरची खिडकी काळी पडली. श्रावणातल्या भजनी सप्ताहाची वर्गणी बाबा लावत होते. त्रेसष्ट नावं. मी वाचायची, त्यांनी दाबायची. मधे वेगळं काही जोडावं लागलं की ते चालू बेरीज मेमरीत टाकतात आणि पुढे जातात. त्यामुळे समोर दिसत होतं तेवढंच गेलं नाही, आत ठेवलेलंही गेलं. बाबांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली. "उद्या परत पहिल्यापासून," म्हणाले. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं.

कॅल्क्युलेटर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० आहे. हे मॉडेल १९७६ साली बाजारात आलं. माझा काका बोटीवर होता, त्याने आमचा १९७८ मध्ये आणला. लाल उजेडाचे आठ आकडे, आणि प्रत्येक आकड्यावर प्लॅस्टिकचं इवलंसं भिंग, कारण आतले आकडे खरं तर फारच बारीक असतात. मागच्या झाकणाखाली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते.

बाबा तेव्हा गोव्यात मांडवी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जेसच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींच्या, कामात होते. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादकडचं मुख बंद झालं की बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या आणि तिथून मुरगावला जायच्या. ती वाट त्यांना अजून वळणावळणाने पाठ आहे. पुढे ते मुरगाव बंदरात ड्राफ्ट सर्वे करणाऱ्यांच्या हाताखाली गेले. जहाज पाण्यात किती बुडालं यावरून त्यात किती माल चढला ते काढायचं, हे काम. दोन्ही बाजूंनी पुढचे, मधले आणि मागचे आकडे वाचायचे. मग पुढचा आणि मागचा ड्राफ्ट, त्यात मधल्याची सहापट, आणि सगळ्याला भागिले आठ. भरलेलं जहाज मधे थोडं वाकतं, म्हणून मधल्याला एवढा मान. मोठ्या जहाजाला एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास-साठ टन खनिज, तेव्हा चुकून चालत नाही. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरतात. पावसात नद्यांचं गोडं पाणी बंदरात उतरलं की ती कमी होते, जहाज जास्त बुडतं, आणि ते न धरता हिशेब केला तर नसलेला माल कागदावर चढतो. हे सगळं बाबांनी होडीत बसून, लाटांवर हेलकावे खात, या कॅल्क्युलेटरवर केलं आहे. त्या खटक्याच्या बटणांची जागा त्यांच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग दुसरा कॅल्क्युलेटर का नको? आणून दिला होता, मोठ्या आकड्यांचा. पण त्याचे आकडे राखाडी. त्यांवर बाहेरून उजेड पडला तरच ते दिसतात. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि ट्यूबलाइटची तिरीप त्या काचेवर आली की त्यांना आकड्यांऐवजी चकाकीच दिसते. लाल आकडे स्वतः उजळतात. काळ्या पाटीवर लाल तीन म्हणजे तीनच, आठ नव्हे. मोबाइलवर बोट कुठे टेकलं ते कळत नाही, म्हणून तोही त्यांनी बाजूला ठेवला. त्यांना तोच हवा होता आणि मला ते पटत होतं.

अडचण एवढीच की हे उजळणं महागात पडतं. मी एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एका शनिवारी कॅल्क्युलेटर रुमालात गुंडाळून शाळेत नेला आणि बॅटरीच्या वाटेत मल्टिमीटर घातला. नुसतं शून्य दिसत असताना प्रवाह पंधरा मिलिअँपिअरच्या आत. आठ वेळा ८ दाबून सगळी खिडकी भरली तर चाळिसाच्या जवळ. १ लिहायला दोन रेघा पेटाव्या लागतात, ८ ला सातही, म्हणून आकडा बदलला की खर्च बदलतो. मुलांना शिकवताना हे उदाहरण मी यापुढे नक्की देणार आहे. चांगल्या अल्कलाइन नऊ-व्होल्टी बॅटरीत सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास (प्रवाह गुणिले तास, म्हणजे बॅटरीची साठवण) असतात, साध्या स्वस्त बॅटरीत त्याहून बरेच कमी. बाबा रोज संध्याकाळी तास-दीड तास बसतात. म्हणजे उत्तम बॅटरीही पंधरवड्याच्या पुढे जात नाही, आणि ती संपते ती नेमकी यादीच्या मधे, कारण यादी चालू असतानाच तर ती वापरली जाते.

चार्ज होणारी नऊ-व्होल्टी बॅटरीही वापरून पाहिली. तिची साठवण २०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, चार दिवसांत रिकामी. बाबांनी ती दर चार दिवसांनी आठवणीने चार्जरला लावावी, अशी व्यवस्था मला मान्य नव्हती.

त्याच शनिवारी प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायवर आणखी एक गोष्ट पाहून घेतली. नऊ व्होल्ट देऊन हळूहळू खाली आणले. सातापर्यंत आकडे स्पष्ट होते, गणित बरोबर येत होतं. सहाच्या जवळ ते फिके व्हायला लागले, तिथे मी थांबले. हा आकडा पुढे फार उपयोगी पडला.

घरी बाहेरून वीज द्यायचं ठरवलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "बाय, त्याला भोक पाडायचं नाही हां." त्याला पिन बसवायला बाजूला जागा नाही. ड्रिलने बारीक भोक पाडून जॅक बसवणं हा सोपा मार्ग होता, पण त्यांनी विचारण्याआधीच मी तो सोडून दिला होता. जे करायचं ते बॅटरीच्या कप्प्यातच. उद्या कोणी वायर काढून पुन्हा साधी बॅटरी लावली तर यंत्र जसं होतं तसं चाललं पाहिजे.

आधी साफसफाई. कप्प्यातल्या क्लिपच्या एका टिकलीवर पांढरी-हिरवी खपली धरली होती, जुनी बॅटरी कधीतरी पाझरलेली. आमच्याकडच्या दमट हवेत असं फार लवकर होतं. अल्कलाइन बॅटरीतून पाझरतं ते अल्कली असतं, म्हणून त्यावर सौम्य आम्ल चालतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीला माडाच्या व्हिनेगरचा थेंब लावून टिकली पुसली, थोडं फसफसलं आणि खपली सुटली. मग स्पिरिटने पुसून रात्रभर वाळू दिली. घाई करून ओल्या क्लिपला वीज देऊ नये.

घरात एक जुना बॅटरी एलिमिनेटर होता, बॅटरीऐवजी भिंतीतली वीज वापरू देणारा, पूर्वी ट्रान्झिस्टर रेडिओला लावायचो तो. तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ, बारा असे खाच असलेलं फिरतं बटण. नऊवर ठेवला आणि सवयीने आधी मीटर लावला. १४.२ व्होल्ट. एवढी तफावत असेल असं वाटलं नव्हतं. कारण मात्र सरळ आहे. अशा एलिमिनेटरात नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि वीज साठवणारा कपॅसिटर असतो, आवर घालणारं काही नसतं. पूर्ण भार टाकला की नऊ मिळावेत अशी त्याची बांधणी. भार नसला की कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, आणि ते शिखर ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या एसी व्होल्टेजच्या (मीटर एसीवर दाखवतो त्या आकड्याच्या) १.४१ पट असतं. रेडिओ मोठा आवाज करताना पुष्कळ प्रवाह ओढायचा म्हणून त्याचं निभावलं. आमचं यंत्र तीस-चाळीस मिलिअँपिअर ओढणार, म्हणजे त्या एलिमिनेटरच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. मीटर न लावता जोडला असता तर नऊ समजून तेरा-चौदा व्होल्ट आत गेले असते, आणि सत्तेचाळीस वर्षं चाललेली चिप एका संध्याकाळी संपली असती.

त्या काळच्या दुसऱ्या यंत्रांबाबतही हा धोका माहीत असलेला बरा. एचपी-२५ सारख्या, १९७५ च्या सुमारास आलेल्या लाल आकड्यांच्या काही कॅल्क्युलेटरांना चार्जर लावायची सोय आहे, पण आत चांगली बॅटरी नसताना नुसत्या चार्जरवर ते चालवले तर आतल्या चिप जाऊ शकतात. तिथे बॅटरीच व्होल्टेज आवरून धरत असते. कोणाकडे आजोबांचा तसा असेल तर बॅटरीविना चार्जर लावू नका, ही कळकळीची विनंती.

शुक्रवारी म्हापशाला गेले. बाजाराचा दिवस, अस्नोड्यापासूनच बस भरलेली. सामान मागायला गेले ती इलेक्ट्रॉनिक्सची छोटी दुकानं पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत, पण एका दुकानदाराकडे खणाखणांत सगळं होतं. ७८०९ हा व्होल्टेज नऊवर धरून ठेवणारा रेग्युलेटर, ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा डीसी सॉकेट, नऊ-व्होल्टी बॅटरीच्या दोन तयार क्लिप, थोडी पातळ लाल-काळी वायर. बाजारातून एक प्लॅस्टिकची साबणाची डबी घेतली, सर्किट ठेवायला. वीज कुठून घ्यायची ते ठरलेलं होतं. इंटरनेटचा जुना राउटर बदलला तेव्हा त्याचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर घरी पडून होता. तो आधुनिक प्रकारचा, भार असो वा नसो बाराच देतो. तरीही मीटर लावला: १२.१.

७८०९ ला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा निदान दोन व्होल्ट जास्त लागतं. बारा आत, नऊ बाहेर, तीनचा फरक, म्हणजे काम भागतं. त्या तीन व्होल्टची उष्णता होते, पण चाळीस मिलिअँपिअरला ती एका वॅटच्या आठव्या भागाइतकीही नाही. बोट लावलं तर कोमटही लागत नाही. मधे रात्रभर चालू ठेवून सकाळी हात लावून पाहिला तेव्हा खात्री झाली. छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारा. कपॅसिटर पायांच्या अगदी जवळ लावायचे, नाहीतर रेग्युलेटर स्वतःच थरथरू लागतो.

आता या कामातली सगळ्यात फसवी जागा.

क्लिपला लाल आणि काळी वायर असते. लाल म्हणजे धन, असंच आपण धरून चालतो. पण ती क्लिप बॅटरीवर बसण्यासाठी बनवलेली असते. बॅटरीवरची छोटी गोल टिकली धन आणि मोठी, कडा असलेली ऋण. छोटी मोठीत बसते, म्हणून क्लिपवरची मोठी टिकली लाल वायरीला जोडलेली असते. आपण तीच क्लिप बॅटरीच्या जागी, कॅल्क्युलेटरच्या क्लिपसमोर लावली, तर सगळं उलटं होतं. आता तिच्या छोट्या टिकलीवर धन यायला हवं, आणि ती तर काळ्या वायरीला आहे. मी तयार क्लिप डाग देऊन रेग्युलेटरला जोडली, लाल ते लाल. कॅल्क्युलेटरला लावण्याआधी एका चांगल्या बॅटरीशेजारी ठेवून दोन्हींवर मीटर फिरवला. बॅटरीवर अधिक नऊ, माझ्या क्लिपवर उणे नऊ. हात थांबला. यंत्राच्या आत उलट्या जोडणीपासून बचाव असेल, यावर मी विसंबले नसते.

वायरी उलट लावूनही चाललं असतं, पण मग काळी वायर धन असलेली वस्तू घरात राहिली असती, आणि पाच वर्षांनी ती कोणीतरी 'दुरुस्त' केली असती. म्हणून एक संपलेली नऊ-व्होल्टी बॅटरी घेतली, पक्कडीने तिचं पत्र्याचं कवच शिवणीकडून उलगडलं आणि वरची दोन टिकल्यांची पट्टी तेवढी काढून घेतली. आत सहा छोटे सेल असतात, प्रत्येक दीड व्होल्टचा. ते नीट कागदात गुंडाळून वेगळे ठेवले. ही पट्टी खऱ्या बॅटरीचीच, तेव्हा तिच्यावर छोटी टिकली धन, लाल वायर तिथेच. टिकल्यांचा पत्रा डाग लवकर धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासला, मग फ्लक्स लावून गरम आयर्न दोन सेकंदच टेकवला. जास्त धरला तर खालची पट्टी करपते.

कप्प्यात ही पट्टी हलू नये म्हणून शेजारच्या सुताराकडून बॅटरीच्या मापाचा सागवानी ठोकळा घेतला, ४५ बाय २५ बाय १५ मिलिमीटर, आणि पट्टी त्याच्या डोक्याला चिकटवली. वायर बाहेर यायला मूळ झाकणात वाट नव्हती. झाकण कापायचं नाही. मूळ झाकण कागदाच्या पाकिटात घालून बाबांच्या कपाटात ठेवलं, पाकिटावर नाव लिहिलं, आणि आइस्क्रीमच्या डब्याच्या प्लॅस्टिकचं दुसरं झाकण कापून त्याला कडेला खाच ठेवली. हे झाकण फार सुंदर झालेलं नाही, पण बसतं घट्ट.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं, लाल शून्य आलं. त्यांनी सवयीने पुढचा, मागचा, मधल्याची सहापट, भागिले आठ असं एक जुनं गणित करून पाहिलं आणि मान हलवली. मग वही उघडली. वीस मिनिटं छान गेली. बाहेर पाऊस होता. कुठेतरी तारेवर फांदी आली असेल, वीज गेली. आणि बेरीजही गेली.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. बॅटरी संपते म्हणून मी हे सगळं केलं, आणि आषाढ-श्रावणात डिचोलीत वीज किती वेळा जाते याचा विचार बाजूला राहिला. बॅटरी निदान मंद होऊन सांगत तरी होती. बाहेरची वीज काहीच न सांगता जाते. बाबांना पुन्हा पहिल्यापासून बसायला लावणारी गोष्ट आता माझ्याच हातची होती.

आधी वाटलं, रेग्युलेटरच्या आधी एक मोठा कपॅसिटर घालावा, वीज क्षणभर लपकली तरी तो भरून काढेल. ४७०० मायक्रोफॅरडचा प्रयोगशाळेत होता. पण कागदावर मांडलं तेव्हा कळलं, पस्तीस मिलिअँपिअर ओढत असताना तो बारावरून नवापर्यंत उतरायला जेमतेम चार दशांश सेकंद घेतो. दिवा लुकलुकला तर पुरेल. वीज गेली तर नाही.

उपाय दोन डायोडचा निघाला, आणि तो इतका जुना आणि सरळ आहे की आधी सुचला नाही याची चुटपुट लागली. रेग्युलेटरचं धन टोक एका डायोडमधून कॅल्क्युलेटरकडे. सहा पेन्सिल सेलांच्या डब्याचं धन टोक दुसऱ्या डायोडमधून त्याच ठिकाणी. ऋण टोकं एकत्र. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून ज्या बाजूचं व्होल्टेज जास्त ती बाजू यंत्राला पुरवते आणि दुसरी नुसती थांबून राहते. अडॅप्टर चालू असेपर्यंत सेल शांत. वीज गेली की त्याच क्षणी सेल पुढे येतात. मधे तुटक जागा नाही, कारण कुठलाही खटका फिरत नाही. शिवाय सेलांची वीज उलटी रेग्युलेटरमध्ये घुसत नाही, तोही वाचतो.

यातही दोन चुका सुधाराव्या लागल्या. दुकानदाराने १एन४००७ डायोड दिले होते. ते धडधाकट असतात, पण वाटेत पाऊण व्होल्टच्या जवळ खातात. अडॅप्टरवर फरक कळला नाही, सेलांवर मात्र एवढं वाया घालवणं परवडणारं नव्हतं. प्रयोगशाळेच्या खणात १एन५८१९ होते, शॉट्की जातीचे. ते एवढ्या प्रवाहाला पाव व्होल्टच्या आसपासच घेतात. ते लावले. दुसरी चूक मोठी होती. डब्यात मी नवे साधे अल्कलाइन सेल घातले. नवा अल्कलाइन सेल दीड नव्हे, १.६ व्होल्टपर्यंत असतो. सहांचे ९.६. म्हणजे नऊच्या रेग्युलेटरपेक्षा सेलच वरचढ! अडॅप्टर लावलेला असूनही यंत्र सेलांवर चालत होतं, आणि ते मला आठवड्याने, सेल मोजल्यावर कळलं. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी राखीव बाजूचं व्होल्टेज नेहमी मुख्य बाजूपेक्षा कमी ठेवावं. मी चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणले. एक सेल १.२ चा, चार्जरवरून नुकताच काढला तर १.४ पर्यंत. सहांचे ७.२ ते ८.४. नऊच्या खालीच राहतात, आणि डायोडने घेतलेलं वजा करूनही सातच्या आसपास उरतात. शनिवारी पॉवर सप्लायवर पाहिलेला तो सातचा आकडा इथे कामी आला.

डायोडमुळे हे सेल जागच्या जागी चार्ज होत नाहीत. मला ते चालतं. २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल आहेत, एकट्याच्या बळावर पन्नास तासांहून अधिक चालतील, आणि इथे तर ते वीज गेली तरच खर्च होतात. दर संकष्टीला मी ते काढून चार्ज करते, तारीख लक्षात ठेवायला दुसरं काही लागत नाही.

सगळं साबणाच्या डबीत आणि तिला चिकटवलेल्या सेलांच्या डब्यात बसलं. कॅल्क्युलेटरकडे जाणारी वायर हातभर लांब, मधे एक छोटा ओढून सुटणारा कनेक्टर. बाबा उठताना पाय अडकला तर वायर सुटावी, यंत्र खाली पडू नये. बारा व्होल्टचा सॉकेट आणि हा कनेक्टर मुद्दाम वेगळ्या मापाचे घेतले, म्हणजे घाईत कोणी अडॅप्टर थेट कॅल्क्युलेटरला लावूच शकणार नाही.

परीक्षा मी बाबांना न सांगता घेतली. यादीत तिसाव्या नावाच्या पुढे गेलो होतो. मी वाचता वाचता भिंतीवरचं बटण बंद केलं. लाल आकडे किंचित उतरले, एखादा दिवा ढगाआड जावा तसे, आणि तसेच राहिले. बाबांनी मान वर केली नाही. दोन नावं त्यांनी तशीच मिळवली. मी बटण पुन्हा चालू केलं, आकडे उजळले. तेव्हा त्यांनी विचारलं, "वीज गेली होती काय गो?" मी हो म्हटलं. त्यांनी खिडकीतली बेरीज वहीच्या कडेला पेन्सिलीने टिपून घेतली, खातरजमेसाठी. बंदरातली सवय.

नंतरच्या आठवड्यात खरीच वीज गेली, तीही रात्री साडेसातला, सप्ताहाच्या आदल्या दिवशी. घरात पूर्ण अंधार. मी मेणबत्ती शोधायला आत गेले. परत आले तर टेबलाशी फक्त ते आठ लाल आकडे दिसत होते आणि त्यांच्या उजेडात बाबांच्या बोटांची टोकं. पुढचं नाव वाचायला उजेड नव्हता, म्हणून ते थांबले होते. सत्तावन्न नावं झाली होती. मेणबत्ती वहीजवळ धरली आणि राहिलेली सहा पुरी केली. बेरीज जमेच्या पावत्यांशी पहिल्याच फेरीत जुळली.

आता राहिलं आहे ते सातचं बटण. ते कधीकधी एकदा दाबलं तरी दोनदा लागतं, ७ च्या जागी ७७ येतात. या मॉडेलच्या बटणांचं हे जुनं दुखणं आहे. बाबा सात दाबला की आकड्याकडे बघून मगच पुढे जातात. त्यासाठी यंत्र उघडावं लागेल, आणि ते उघडायचं की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.